बिरोबाचं गवत

होळी सरली की सोयगावकडच्या डोंगरावर गवत वाळतं आणि आमच्या गावात भाषणांना पालवी फुटते. यंदा सरपंच तात्यासाहेबांनी वणवामुक्तीची मोहीम काढली. पारावर मंडप, लाऊडस्पीकर, फेटे, सगळं आलं. डोंगराच्या पायथ्यानं गवत कापून मोकळा पट्टा करायचा, म्हणजे वरून वणवा आला तरी गावात उतरणार नाही, असं ठरलं. तात्यासाहेबांनी फोटोपुरता विळा धरला, तोही उलटा. पण माणसं खरंच राबली. कापत कापत बिरोबाच्या देवळापाशी आली आणि विळे खाली ठेवून घरी गेली.

देवळामागचं गवत देवाचं. त्याला लोखंड लावायचं नाही, अशी वाडवडिलांची आण. कमरेएवढं वाढलेलं, कुसळांनी भरलेलं, काडी दाखवायचा अवकाश. आणि त्याला खेटून आमचं घर, शेळ्यांचा गोठा, कडब्याची गंजी. गंजीच्या सावलीत माझ्या प्रांजलीची झोळी.

"पट्टा गावभर, आणि नेमका आमच्या घरामागं नाही," मी पारावर म्हणाले. "म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागची भिंत पडलेली!"

तात्यासाहेब हसले. "रूपाबाई, गावाची काळजी आमी घेतली. तुमची खुद्द देव घेणार. व्हीआयपी हाव तुमी!"

सगळे हसले. माझा नवरा रामहरीही हसला. त्याच्याकडं मी घरी गेल्यावर पाहिलं.

घरी सासूबाई, आक्काबाई, वाटच बघत होत्या. "शेरातली, छावणीतली पोरगी करू नगं म्हनलं व्हतं म्या! देवाच्या गवताला विळा लावायला निगाली, मड्डम!"

"आत्या, मग गंजी तरी हलवू."

"कुठं हलवू? तुझ्या डोस्क्यावर?"

"वणवा उतरला तर?"

"इतकी वरसं उतरला का?"

"वारा उलटा होता म्हणून नाही उतरला."

"मंग वारा कुनी उलटा केला? तुझ्या कालीजनं?"

अशा बाईशी वाद कसा घालायचा, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. मी माझ्या परीनं लागले. ड्रम भरून ठेवले, पोती भिजवून ठेवली. शेळ्यांच्या दाव्यांना एका ओढीत सुटेल अशी सुरगाठ मारली. प्रांजलीला काखोटीला मारून ओढ्यापर्यंत पळायचा सरावही केला. तर शेजारची पारूबाई ओट्यावरून ओरडली, "आगं, कुठं पळायलीस? बस तर कव्हाच गेली!"

तेवढ्यात सासरे मेंढरं घेऊन परत आले. मुंजाबामामा. दरसाल दिवाळीनंतर ते खालच्या मुलखात जातात. लोकांच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, मामांना धान्य. त्यांना पाण्याचा तांब्या देताना मी विचारलं, "मामा, मेंढरं बसवली की तिथल्या गवताचं काय होतं?"

"काय व्हायचं? तुडवून भुगा. वर लेंड्यांचा थर."

"मेंढीच्या खुराला लोखंड असतं का हो?"

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग देवळामागं पाहिलं. मिशीत हसले. "नाल बैलाला ठोकत्यात, पोरी. मेंढी अनवानीच हिंडती."

आक्काबाईंनी आभाळ डोक्यावर घेतलं. "देवाच्या दारात घान करतावं? लाज हाय का?"

"जल्मभर मेंढरंच राखली त्या देवानं," मामा म्हणाले. "त्याला वास नवा हाय व्हय?"

देवळामागं जाळीचं कुंपण उभं राहिलं आणि मेंढरं आत बसली. दिवसा चरायला, रात्री देवापाशी. गवत आधी वाकलं, मग मोडलं, मग मातीत गेलं. तात्यासाहेब पाहणीला आले ते नाकाला रुमाल लावूनच.

"मुंजाबा, गावाच्या भावना दुखवायलास तू. उठीव मेंढरं!"

"उठवितो की. तुमी विळा घ्या, म्या मेंढरं उठवितो."

तात्यासाहेबांना एकदम तालुक्याचं काम आठवलं.

मग चैत्रातल्या एका दुपारी डोंगरमाथ्यावर धूर दिसला. नवं गवत जोमात यावं म्हणून कुणा दीडशहाण्यानं जुनं पेटवून दिलं होतं. वारा गावाकडं. तडतड आवाज करत जाळ उतारानं आला. माणसं निरगुडीचे फाटे घेऊन पट्ट्याकडं धावली. मी शेळ्या सोडल्या, लेकीला उचललं, आणि इतका सराव केलेले पाय जागीच थिजले. आक्काबाई गंजीवर पाणी फेकत होत्या. तोंडानं देवाला साकडं आणि मला शिव्या, आळीपाळीनं.

जाळ देवळामागं आला. पुढं खायला काही नव्हतं. लेंड्यांच्या कडेला धुमसला, घाणेरडा धूर सोडला. मामा आणि रामहरीनं ओल्या पोत्यांनी बडवून बडवून त्याला मारला.

गाव गोळा झालं. तात्यासाहेब सगळ्यात पुढं. "बगा! देवानं आपल्या दारातूनच आग माघारी धाडली! चमत्कार!" असं म्हणत वाकले, तिथली काळी भुकटी चिमटीत घेतली आणि अंगारा म्हणून कपाळावर ओढली. ज्या नाकाला रुमाल लावला होता, त्याच्याच बरोबर वर. मागं रांग लागली. पारूबाईनं तर पदराच्या गाठीतच बांधून घेतली.

मी तोंड उघडलं, तोच आक्काबाईंनी दंडाला चिमटा काढला.

"गप ऱ्हा. चमत्कार म्हनू दे त्येन्ला. आता फुडल्या साली तात्याच येतंय का नाय बग, 'मुंजाबा, मेंढरं बसीव' म्हनत."

मग त्याही वाकल्या. चिमूट भरून घेतली आणि प्रांजलीच्या कपाळाकडं हात नेला. मी मागं सरले.

"आत्या, लेंडी आहे ती!"

"ठाव हाय मला." त्यांनी पोरीला टिळा लावला. "धुतलं की निगतंय. घर जळालं असतं, तर काय धुतलं असतंस?"