मागे आपलं विमान

शत्रू पाठीवर आला, तर समोर डागलेलं क्षेपणास्त्र हवेतच वळवून मागे त्याच्यावर न्यायचं, हे वाघोलीतल्या आमच्या कंपनीचं काम. कागदावर सगळं बिनचूक होतं. सोमवारी विंग कमांडर दिग्विजय ते खऱ्या आकाशात डागणार होते. त्याआधी नकली कॉकपिटमध्ये शेवटची चाचणी चालली होती, आणि ती काही केल्या पुढे सरकेना.

दिग्विजयांनी बटण दाबलं की पडद्यावर अक्षरं यायची: मागे आपलं विमान, डागता येणार नाही.

मागे आपलं कुणी नव्हतंच. मी शत्रूचं एकच विमान ठेवलं होतं. तरी दिग्विजयांच्या शेपटीला चिकटून एक हिरवा ठिपका उडत होता. यंत्रणेने ओळख विचारली की तो निमूट क्रमांक सांगायचा.

क्रमांक वाचून दिग्विजयांचा चेहरा उतरला. "हा गोपाळकृष्णचा. उड्डाणातला माझा जोडीदार. दोन वर्षांपूर्वी समुद्रात पडला."

पडलेल्या विमानाचा क्रमांक 'आपल्या' विमानांच्या यादीतून काढायला इथे कुणाचा हात धजावत नाही. म्हणून तो तसाच राहिलेला. पण क्रमांक राहणं वेगळं आणि त्याने उत्तर देणं वेगळं. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"काढा तो, वैष्णवी," आमचे प्रमुख रंगनाथ सर म्हणाले. "का त्याच्यासाठीही चहा मागवू?"

असा संताप आला! पण सोमवार डोक्यावर होता. मी दिग्विजयांकडे पाहिलं. त्यांनी नाइलाजाने मान हलवली. मी क्रमांक पुसला. ठिपका जरासा रेंगाळला आणि विझला.

"डागतोय," दिग्विजय म्हणाले.

उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र सुटलं, झोकात वळलं. वळताच त्याला सगळ्यात आधी दिसलं ते दिग्विजयांचंच तापलेलं विमान. शत्रूकडे ढुंकूनही न बघता ते सरळ त्यांच्यावर आलं. पडदा पांढरा झाला.

रंगनाथ सरांनी फोन उचलला आणि सोमवारचं उड्डाण रद्द केलं.

दिग्विजय खुर्चीतच बसून होते. "तो मला डागू देत नव्हता," ते म्हणाले. "परत आणा त्याला, मॅडम."

मी क्रमांक पुन्हा घातला. यंत्रणेने ओळख विचारली. उत्तर आलं नाही. दिग्विजय म्हणाले, "पुन्हा विचारा." ऑफिस बंद होईपर्यंत मी विचारत राहिले.