खंडेनवमीची उदबत्ती

दसऱ्याच्या सकाळी डॉक्टर वसुधाबाईंनी माझं दार उघडलं, तेव्हा माझ्या आतले तीन जीव गेले होते. मित्रांनो, मला ते कळलंही नव्हतं. मी आपला ऊब धरून उभा होतो.

मी घाटकोपरच्या एका दवाखान्यातला जुना इनक्युबेटर. ज्या बाईला मूल राहत नाही, तिची बीजं काढून नवऱ्याच्या बीजाशी काचेच्या बशीत मिळवतात. ती बशी दोन दिवस माझ्याकडे असते. आईच्या पोटात असते तेवढी ऊब मी देतो. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. मग तो इवलासा गर्भ आईकडे परत जातो. १९८८ साली मला बघायला लांबून डॉक्टर यायचे.

त्या आठवड्यात माझ्याकडे कांजूरमार्गच्या द्रौपदीबाईंचे तीन गर्भ होते. त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

माझी देखभाल दशरथकाका करायचे. गिरणी बंद पडल्यावर ते इथे लागले. वसुधाबाईंची ताकीद होती, या खोलीत अत्तर, पावडर, गजरा काही चालणार नाही. गजरा माळून आलेल्या नर्स लताला काकाच दारातून परत पाठवायचे. पण उदबत्तीलाही वास असतो, हे त्यांच्या मनात कधी आलं नाही. उदबत्ती देवाची.

खंडेनवमीला बाई ऑपरेशनमध्ये होत्या. काका कुंकू घेऊन आले.

"काका, यंत्राला नैवेद्य पण दाखवा हां!" लता दारातून म्हणाली.

"हस तू. वीस वर्षं माग पुजला मी, एक नवमी चुकवली नाय."

लता हसत गेली. काकांनी मला कुंकू लावलं, उदबत्ती पेटवली. मग माझं दार उघडून त्यांनी ती आत ओवाळली. "लेकरांना पण लागू दे," म्हणाले. दार ओढून घ्यायला मला हात नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. गर्भ होते तिथेच थांबले होते, काळवंडले होते. माझ्या डोक्यावर राख पडलेली.

"ही राख कसली, दशरथ?"

"उदबत्तीची. काल नवमी होती ना, बाई."

बाई स्टुलावर बसल्या. "त्यांना धूर सोसत नाही हो."

काका फडक्याने माझी काच पुसत राहिले, स्वच्छ होती तरी.

मग बाई उठून बाहेर गेल्या. बाहेरून द्रौपदीबाईंचा आवाज आला. "माझ्यातच खोट आहे ना, बाई? सासूबाई म्हणतातच."

"गप गं," त्यांचा नवरा अंबादास म्हणाला.

"कधी कधी नाही वाढत," बाई म्हणाल्या. आत आल्या, तेव्हा काका दाराशी उभे होते. "मी सांगतो त्यांना."

"आज नको, दशरथ."

मग ते सांगणं कधीच झालं नाही. काका शिमग्याला गावी गेले ते परतले नाहीत. नवं यंत्र आलं. मी आता जिन्याखाली आहे, माझ्यात चादरी ठेवतात.

मित्रांनो, कुणावर माया कराल तेव्हा त्याला काय सोसतं, ते आधी विचारा. आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगा.

द्रौपदीबाईंच्यात काही खोट नव्हती. एवढं त्यांना सांगायचं राहिलं आहे.