पोवळ्यावरचा नांगर

सेलफिनाला साखळीचा खडखडाट पाण्याखाली ऐकू आला. ती दोन पाहुण्यांना पोपटमाशांचा थवा दाखवत होती. वळून पाहते तो याफेतच्या होडीचा नांगर सरळ खाली आला आणि परातीसारख्या पसरलेल्या जुन्या पोवळ्यावर आदळला. अर्धी परात मोडून कलंडली. आतले बारके मासे भेदरून चहूकडे पळाले.

इंडोनेशियातल्या मिसूल बेटावरच्या या गावानं हा पट्टा मासेमारीला बंद ठेवला होता. चर्चमध्ये सगळ्यांदेखत शपथ घेतली होती आणि राखण बायकांकडे होती. पाहुण्यांनी बघायला यावं, पण नांगर न टाकता होडी तरंगत्या पिंपालाच बांधायची. हा नियम मांडला होता सेलफिनानं. आणि याफेत तिचा सख्खा धाकटा भाऊ.

तिनं बुडी मारली, नांगर दोन्ही हातांनी उचलला आणि वर येऊन धाडकन होडीत टाकला.

"डोळे फुटले होते का रे तुझे?"

"ताई, ओरडू नकोस पाहुण्यांसमोर. साहेबांना इथंच फोटो हवा होता. पिंप लांब पडतं."

होडीत बसलेला जकार्ताचा साहेब हसला. "बाई, खाली दगडच दगड आहेत. एक फुटला तर काय झालं?"

"दगड?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जिवंत आहे ते! माझ्या आजीच्या आधीपासून वाढतंय. तुम्हाला कळत नाही, ठीक आहे. पण याला कळतं ना!"

ती सगळ्यांना घेऊन तडक धक्क्यावर परतली.

रविवारी प्रार्थना संपली तशी ती उठली आणि भावाचं नाव घेतलं. चर्चचे पाळक चुळबुळले. "चुकलं त्याचं. माफी मागेल. घरातलं घरात मिटवा ना."

"पलीकडच्या वाडीतल्या ओबेटनं याच पट्ट्यातून समुद्रकाकडीचे तीन जीव काढले, तेव्हा वर्षभर त्याची होडी बंद केली आपण. त्यानं माफी मागितली नव्हती? रडला होता तो इथं! तेव्हा कुणाला घर आठवलं नाही. माझा भाऊ म्हणून आज आठवतंय?"

मग बायकांच्या बाकावरून एक हात वर गेला. याफेतची बायको लेआ होती ती. "मीही राखणीला बसते. वर्षभर बंद म्हणजे बंद." एकेक करत बाकीचे हात वर गेले.

याफेत पाय आपटत बाहेर पडला. दारात थांबून बहिणीला म्हणाला, "आई असती तर तुला घरात घेतलं नसतं."

"आई असती तर तुझ्या कानाखाली वाजवली असती," सेलफिना म्हणाली. आवाज चढलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती आणि लेआ मोडलेला तुकडा खडकाच्या खाचेत टेकवून आल्या. तो तगेल की नाही, कोण सांगणार. याफेत हल्ली आपली होडी धक्क्याला बांधून ठेवून वल्ह्याची लहान होडी घेऊन लांबच्या पाण्यात जातो. रोज तिच्या दारावरून जातो, पण मान वळवत नाही. तीही हाक मारत नाही. राग अजून उतरलेला नाही तिचा.