मोठ्या आवाजातले खोटे

मित्रांनो, माणसाच्या मनाचे बोल कानी पडण्याआधी ज्याला त्याच्या तोंडाचा वास सोसावा लागतो, असा मी एक जुना माईक आहे. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेथे पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझ्या अंगात तांब्याची बारीक तार बसवली आणि वर जाळीची टोपी घट्ट केली. तितके स्वच्छ हात मला पुन्हा कधी लाभले नाहीत.

पुढे मी एका सभागृहात आलो. तेथील अध्यक्ष भाषणापूर्वी माझ्यात तीनदा फुंकर मारीत, मग खाकरत, आणि जे काही उडे ते माझ्या जाळीत वाळत असे. ज्या रुमालाने ते नाक पुसत, त्यानेच मलाही पुसत. लोक म्हणत, "काय खणखणीत आवाज आहे." ही माझी स्तुती. मला तिची शिसारी येई.

अशातच शहरातल्या मोठ्या लाँड्रीत बॉयलर फुटला. तीन माणसे गेली. जी वाचली त्यांच्या मनातून भीती जाईना. तेव्हा दर शनिवारी दुपारी सर्वांनी आमच्या सभागृहाशेजारच्या खोलीत जमावे, आपापली कहाणी सांगावी आणि मन हलके करावे, असे ठरले. कल्पना उत्तम होती. परंतु अध्यक्षांनी तेथे मला नेले आणि पाहुण्यांनाही बोलावले.

इस्त्री करणाऱ्या मावशींची धाकटी जाऊ त्या स्फोटात गेली होती. पहिल्या शनिवारी मावशी दोनच वाक्ये बोलून थांबल्या.

अध्यक्ष म्हणाले, "मावशी, एवढ्यानं कसं भागेल? तिला वाचवायला धावलात की नाही?"

"धावले म्हणजे... दारापर्यंत."

"मग आत शिरलात म्हणा. दाराशी थांबलेल्या बाईसाठी कोण रडणार?"

मावशींनी तसे म्हटले. टाळ्या पडल्या. मग मावशी दर शनिवारी वाफेत शिरू लागल्या, आणि दर खेपेस ती वाफ वाढत गेली. ते खोटे मी मागच्या भिंतीपर्यंत पोचवीत होतो. त्यांच्या तोंडाला आंबूस वास येई. येथे येण्यापूर्वी त्या ओकून येत असत, हे मला एकट्यालाच ठाऊक होते. तिसऱ्या रांगेत त्यांचा दीर, म्हणजे त्या मेलेल्या जावेचा नवरा, मान खाली घालून बसे.

एका शनिवारी पाहुणे आले नाहीत. अध्यक्षांनाही उशीर झाला. मावशींनी मला हाती घेतले, ओठांशी नेले आणि बटण बंद करून टेबलावर आडवे ठेवले. मग त्या दिरासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"भाऊजी, त्या दिवशी बॉयलरच्या खोलीत माझी ड्यूटी होती. टाच दुखते म्हणून मीच तिला पाठवलं. आतबित मी काही शिरले नाही."

"ठाऊक आहे, वहिनी. ड्यूटीचा कागद भिंतीवरच लावलेला होता."

"मग इतके महिने ऐकून घेतलंत?"

"घरी जाऊन घास उतरत नव्हता मला. किळस यायची. पण हे तुमच्याच तोंडून यायला हवं होतं."

"शिव्या द्या मला."

"त्या तिनं दिल्या असतील की जाताना."

"दिल्या ना. म्हणाली, जाऊबाई, तुमची टाच बरोबर सोमवारीच कशी दुखते? बाजारात तर हरणासारखी पळते."

दिराला एकदम हसू फुटले, आणि त्याच्या पाठोपाठ रडू. "अशीच बोलायची," तो म्हणाला. "अगदी अशीच."

बॉयलरवाल्याने त्या स्फोटानंतर तोंड उघडले नव्हते. तो कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "मला कुंभकर्ण म्हणायची. वाफेचा काटा बघतोयस की स्वप्न बघतोयस, असं रोज विचारायची."

खुर्च्या जवळ सरकल्या. माझ्यातून जी बाई इतके महिने केवळ 'दिवंगत भगिनी' म्हणून बाहेर पडत होती, ती त्या दुपारी सर्वांची टर उडवीत त्यांच्यामध्ये येऊन बसली.

तेवढ्यात अध्यक्ष आले. थोडे ऐकून म्हणाले, "वा, वा. पुढच्या शनिवारी हेच माईकवर घेऊ. पाहुणे येताहेत. ते कुंभकर्ण वगैरे तेवढं गाळा."

दीर उठला. त्याने माझी वायर भिंतीतून काढली, नीट गुंडाळली आणि मला अध्यक्षांच्या हाती दिले.

"हे तुम्ही घेऊन जा, साहेब. वहिनींनी मला सांगितलं. झालं."

आता मी कपाटात पडून आहे. शेजारी तोच रुमाल आहे. भिंतीपलीकडे ती माणसे अजूनही शनिवारी जमतात. शब्द कळत नाहीत, खुर्च्या सरकल्याचे तेवढे ऐकू येते. त्यांचा मला राग नाही. किळस येते ती माझीच, कारण मी एकदाही खरखर करून बंद पडलो नाही.

मित्रांनो, मला पुसाच, असा माझा हट्ट नाही. एकच विनंती आहे. कोणी आपले दुःख सांगू लागला, तर त्याला ते रंगवायला लावू नका, आणि चारचौघांपुढे पुन्हा सांग असे म्हणू नका. खरे सांगणारा सभेकडे पाहत नाही, तो एकाच माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. तो माणूस तुम्ही असाल, तर उठून जाऊ नका.