हळू चालायचा बेत

आमच्या आपांनी, म्हणजे वडिलांनी, डोंगराच्या फेरीचा बेत आखला, तेव्हा सगळं गाव हसलं. कारण त्या बेतात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती हळू चालायची.

बारा वर्षांनी येणारं मेंढीचं वर्ष होतं, म्हणजे आमच्या कावा कार्पो डोंगराचं वर्ष. त्या वर्षी नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं घराला कडी घालून निघतात आणि त्या बर्फाच्या डोंगराला बाहेरून पूर्ण वळसा घालून येतात. तरणीताठी पोरं धावतपळत फेरी उरकतात आणि पुढं वर्षभर त्याचीच फुशारकी मारतात. आपा मात्र रोज संध्याकाळी अंगणात बसून मुक्काम वाढवत होते. खिंडीच्या अलीकडे एक, खिंड उतरल्यावर एक, बांबूच्या रानात एक.

"आपा, असं चाललो तर पुढचं मेंढीचं वर्ष वाटेतच लागेल," मी म्हणायची.

"तुला अक्कल नाही, ल्हाझोम. सगळे डोंगराला उजव्या हाताला ठेवून चालतात की नाही? उलट्या बाजूनं आपलं माणूस येतं का कधी? मग समोरून भेटणार कोण? भेटतो तो मागून येणारा. आपण रेंगाळलो की मागचा प्रत्येक जण आपल्याला गाठणार. धाकटासुद्धा."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. आपा त्याला नावानं हाक मारत आणि दर दुसऱ्या वाक्यात ते नाव असे. मी ते इथं लिहिणार नाही. आपांच्या तोंडी जिथं 'धाकटा' आहे, तिथं त्याचं नाव होतं असं समजा.

त्यानं घर सोडलं ते वरच्या खोऱ्यातल्या युडोन नावाच्या मुलीपायी. तिचं घर विषाचं, असं लोक बोलत. त्या घरातल्या बायका चहातून विष देतात म्हणे. आमच्याकडे अशी घरं असतात. तिथं चहा पिऊन मेलेला एक माणूस दाखवा म्हटलं तर कुणाला दाखवता येत नाही, पण तिथं पाणी कुणी पीत नाही. आपांनी सांगून टाकलं, "त्या घरच्या हातचा थेंबही माझ्या दारात कुणी पिणार नाही." धाकटा म्हणाला, "मग मी तिकडं जाऊन पितो." आणि खरंच गेला. दोघं एकाच मातीचे, एकापेक्षा एक हट्टी. वर्षं गेली, पण ना ह्यांनी निरोप धाडला ना त्यानं. मग आपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आता अंगणातलं खेचरही त्यांना चाचपून ओळखावं लागे. तेव्हापासून त्यांच्या तोंडी ते नाव आलं आणि हा बेत आला. मेंढीच्या वर्षात तो फेरीला येणारच. मागून येईल, आपल्या चालीवरून ओळखेल आणि हाक मारेल.

मला कधी हसू यायचं, कधी राग यायचा. पण त्यांना आशा होती, आणि ती मोडायची हिंमत माझ्यात नव्हती. खरं सांगायचं तर मीही आशेवरच होते.

निघायच्या आदल्या दिवशी अंगणात नुसता पसारा पडला होता. त्साम्पाच्या, म्हणजे भाजक्या सातूच्या पिठाच्या पिशव्या, लोण्याचा गोळा, वाळलेलं मांस, अक्रोड, किटली. शेजारचे आखू रिनझिन, म्हणजे आमचे काकाच, आमच्याबरोबर येणार होते. ते मदतीला म्हणून आले होते आणि मांसाचे तुकडे चाखून बघत होते.

"थंडीत वरच्या खोऱ्यात एक जण गेला म्हणे," ते चघळत म्हणाले. "दरडीखाली सापडला."

"कोण?" आपांनी विचारलं.

"आता गेलेल्याचं नाव घेऊ का? ज्यानं मला सांगितलं, त्यानंही घेतलं नाही."

"अरे, नाव नको. पण कुणाचा कोण?"

"कुणाच्या तरी घरचा. जावई होता म्हणे कुठला तरी."

"बिचारा," आपा म्हणाले. "त्याचं कापड कुणी आणून दिलं तर नेऊ आपण."

गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. घेतलं तर तो मागं वळून बघतो आणि त्याची पुढची वाट चुकते. आमच्या गावचा म्हातारा लोहार गेला, तेव्हा त्याच्या नावाच्या सगळ्यांना नवी नावं घ्यावी लागली. आखू रिनझिन त्यातलेच. उतारवयात मिळालेलं नाव, त्यामुळे हाक मारली तर अजूनही दुसऱ्याकडेच बघतात. आणि फेरीला निघालेल्याकडे लोक आपापल्या गेलेल्यांचं कापड देतात. डोंगरामागच्या उतारावर ते ठेवून यायचं, म्हणजे त्या माणसाला ती वाट ओळखीची होते. परक्यांची कापडं खेचरावर लादली तरी चालतं. आपल्या घरच्याचं मात्र आपल्या पाठीवरच न्यायचं.

तर दिवसभर माणसं येत होती. कुणी सासूची टोपी आणली, कुणी बापाचा पट्टा, तर एकीनं तान्ह्या लेकीचं दुपटं आणलं. आपा प्रत्येक गाठोडं हातात घेत, थोपटत आणि म्हणत, "चल बाबा, चल. वाट रुंद आहे." मग ते माझ्याकडे देत आणि मी पोत्यात भरे.

ऊन कलताना एक बाई आली. तिची ओळख नव्हती, तोंडावर फडकं बांधलेलं होतं, आणि पोट पुढं आलेलं. दिवस भरत आलेले दिसत होते. ती दारातच थांबली.

"आत ये, पोरी," आवाजाच्या रोखानं आपा म्हणाले. "कुणाचं आणलंस?"

"आमच्या घरच्या माणसाचं. मला आता खिंड चढवणार नाही."

"म्हातारा होता?"

"नाही. दरड कोसळली."

"म्हणजे वरच्या खोऱ्यातला तोच! रिनझिन, ऐकलंस का? तू म्हणालास तोच." कोडं सुटल्यासारखे आपा खुलले. "पोरी, आमचा धाकटाही तिकडेच असतो. ओळखत असशील तू त्याला." आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, घराच्या नावासकट, ठणठणीत आवाजात.

त्या बाईनं दोन्ही हात तोंडावर दाबले. गाठोडं तिच्या पायाशी पडलं. मला वाटलं, तिला कळ आली. मी धावले, पण तिनं मला हातानंच लांब ठेवलं.

"ओळखते," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल फार बोलायचा."

आपांचा हात मांडीवर थबकला. "शिव्या देत असेल," ते म्हणाले.

"नाही. शिव्या नाही."

आपांनी हात पुढं केला. मी गाठोडं उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते थोपटलं, दोन-तीनदा उलटसुलट चाचपलं आणि म्हणाले, "चल बाबा, चल. वाट रुंद आहे. ल्हाझोम, हिला चहा दे."

मी गाठोडं घेतलं. ते नीट बसेना, म्हणून पोत्यापाशी सोडून पुन्हा घडी घालायला गेले. लोकरीचा छुबा होता, आमच्याकडचा लांब अंगरखा. डाव्या बाहीच्या कोपरावर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं ठिगळ होतं. ते कापड माझं होतं. चुलीपाशी पेंगताना त्यानं बाही जाळून घेतली, तेव्हा माझ्या जुन्या कपड्याचा तुकडा कापून मीच ते लावलं होतं. काळा दोरा संपला म्हणून लाल दोऱ्यानं. "ताई, माझ्या कोपराला लग्नाला पाठवतेस का?" असं तो म्हणाला होता.

आखू रिनझिन काहीतरी विचारत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण मला ऐकू येत नव्हतं. मी लाल टाके बघत राहिले. वाटलं, एकसारखे छुबे असतात, ठिगळंही असतात. मग शेवटची गाठ बघितली. मी गाठ दोनदा मारते, आणि तीही दोनदाच मारलेली होती. मला ओरडायचं होतं. त्याऐवजी मी छुब्याची घडी घातली, पोत्यात ठेवली आणि किटली उचलली. माणूस असं का करतं, ते मला आजही सांगता येत नाही.

ती बाई भिंतीला टेकून बसली होती. मी आमची वाटी पुढं केली तर तिनं हात मागं घेतले. स्वतःची वाटी काढून जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "वरून ओता." आमच्या भांड्याला तिचं बोट लागू नये, एवढं ती जपत होती. तेव्हा ती कोण, हेही मला कळलं.

मी तिला गोठ्यामागं नेलं.

"तू युडोन?"

तिनं मान हलवली.

"आणि आता येतेस? थंडीत गेला आणि आता सांगतेस?" मी तिचे खांदे धरून हलवले. पोटुशी बाई आहे, याचंही भान मला राहिलं नाही.

"निरोप धाडला होता, ताई. लगेच. फेरीवाल्याला सांगितलं, 'नदीकाठच्या त्या घरी जा, म्हणावं तुमच्या घरचा गेला.' त्यानं पुढं कुणाला सांगितलं, त्यानं आणखी कुणाला."

"आणि इथं येईपर्यंत तो कुणाच्या तरी घरचा झाला!"

"मग काय नाव घालून पाठवू? त्याला मागं ओढू?"

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण मी तरी काय केलं असतं? मीही नाव घेतलं नसतंच. त्याच दिवशी आमच्याच अंगणात, आमच्याच माणसाची बातमी आखूंनी मांस चघळत सांगितली, आम्ही 'बिचारा' म्हणालो आणि पिशव्या बांधत राहिलो. ते आठवलं आणि मी गोठ्याच्या खांबाला धरून खाली बसले. युडोन माझ्याशेजारी बसली. रडलो दोघी, पण आवाज न करता, कारण भिंतीपलीकडे आपा होते.

"त्यांना कसं सांगायचं?" ती म्हणाली.

"मी सांगेन. सकाळी धूप व्हायच्या आत." धुपाच्या वेळी आपा रोज डोंगराकडे तोंड करून त्याच्या नावानं ओरडत, 'त्याला घरी आण.' गेलेल्याला नावानं घरी बोलवायचं! इतके महिने ते रोज हे करत होते आणि आम्ही करू देत होतो. निदान उद्या तरी ते व्हायला नको होतं.

युडोनला मी गोठ्यातच गवतावर निजवलं. आपांनी रात्री फार विचारलं नाही. त्साम्पा मळून तसाच वाटीत ठेवला. उद्या निघायचं म्हणून पोटात गडबड आहे, म्हणाले.

सकाळी मी उठले तेव्हा त्यांचं अंथरूण रिकामं होतं. वर धूर दिसला. मी शिडीवरून धावत गच्चीवर गेले. आपांनी हिरवा पाला पेटवला होता, आणि समोर डोंगराच्या माथ्यावर नुकतं ऊन आलं होतं, जे त्यांना दिसत नव्हतं.

"आपा, थांबा," मी म्हणाले.

ते थांबले नाहीत. रोजचे शब्द सुरू झाले. आमचं घर राख, गुरं राख, पाऊस वेळेवर दे. मग नावाची जागा आली. मी डोळे मिटून घेतले.

ती जागा रिकामी गेली. आपांनी श्वास घेतला, मुठीतला उरलेला पाला आगीत टाकला आणि म्हणाले, "त्याला वाट दाखव."

मी डोळे उघडले. तेव्हा कुठं माझं लक्ष आपांच्या पाठीकडे गेलं. छुबा तिथं होता. पोत्यातून काढून, नीट गुंडाळून, त्यांनी तो स्वतःच्या पट्ट्यानं पाठीवर बांधला होता. ठिगळाची बाही खांद्यावरून पुढं घेतली होती आणि त्यांचं बोट त्या टाक्यांवरून फिरत होतं.

त्यांना केव्हा कळलं, मी कधी विचारलं नाही. हातात गाठोडं आलं तेव्हाच कळलं असेल आणि तरीही ते 'चल बाबा' म्हणाले असतील, असं मला आजही वाटतं.

खाली युडोन अंगणाच्या कडेला तीन दगड मांडून स्वतःपुरता चहा करत होती. आपा चाचपडत शिडी उतरले, धुराच्या वासावर तिच्यापर्यंत गेले, छातीशी ठेवलेली आपली वाटी काढली आणि तिच्यापुढं धरली. आखू रिनझिनांनी "अरे!" म्हणून हात पुढं केला.

"ओत," आपा तिला म्हणाले. "भरून ओत."

तिनं ओतला त्यातला निम्मा चहा त्यांच्या बोटांवर सांडला. त्यांनी उरलेला पिऊन टाकला, वाटी पुन्हा पुढं केली आणि तीही पिऊन टाकली.

"तू येऊ नकोस. घर उघडं ठेव, गाईला पाणी दे आणि माळ्यावर चढू नकोस. ल्हाझोम, हिला लोणी कुठं ते दाखव."

मग त्यांनी काठी मागितली. आखू रिनझिन खेचर आवळत म्हणाले, "पहिला मुक्काम खिंडीच्या अलीकडेच ना? तुझ्या बेताप्रमाणे?"

"नाही. जमेल तितकं पुढं. ह्या पोरीचे दिवस भरत आलेत, लवकर परतायला हवं." त्यांनी पाठीवरचं ओझं एकदा वर सरकवलं. "हळू चालायचं आता काही कारण नाही."

आणि ते निघाले. डोळ्यांनी धड न दिसणारा म्हातारा, काठीनं दगड ठोकत, आमच्या गावच्या चढाला लागला. मी खेचराला मारत मागून धावत होते, "आपा, थांबा," म्हणत होते. त्या दिवशी कितीतरी वेळ मला त्यांना गाठता आलं नाही.