मामांचे ठिपके

दगडबाईंच्या धाकट्या जावेला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी. घरात सदा कुणी ना कुणी रडत असे. त्या वर्षी दगडबाईही रडल्या असत्या, पण त्यांना रडू येण्याआधी राग येतो आणि मग रडायचं राहून जातं.

दगडबाई हे नाव काही विद्यापीठाने दिलेलं नव्हतं. कागदावर त्या विषयग्रंथपाल, भूशास्त्र. मोठ्या ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर दगड, माती, खाणी आणि जमिनीखालचं पाणी यांबद्दलची जेवढी पुस्तकं होती, त्यांच्या त्या धनीण. कोणतं पुस्तक घ्यायचं, ते कुठे लावायचं, आलेल्या माणसाला नेमकं काय हवंय आणि ते त्याला सांगता येत नसलं तर त्याच्या तोंडून कसं काढायचं, हे सगळं अठ्ठावीस वर्षं त्या बघत होत्या. दगडबाई म्हणायला पोरांनी सुरुवात केली. बाईंनी मनावर घेतलं नाही.

त्या वर्षी ग्रंथालयाला नवे संचालक आले. माणूस गोड बोलणारा. कुणी काही सांगायला लागलं की मान हलवायचे, आणि हललेल्या मानेचा अर्थ हो असा होत नाही हे लोकांना आठवड्याभराने कळायचं. तिसऱ्या मजल्यावर त्यांना काचेच्या खोल्या करायच्या होत्या, बसायला गाद्यांचे सोफे. त्यासाठी जागा हवी, आणि जागेसाठी पुस्तकांचं निर्लेखन. निर्लेखन हा कचेरीतला शब्द. दाखल वहीतून पुस्तकाची नोंद काढायची आणि पुस्तक रद्दीच्या ट्रकवर घालायचं. नियम दोनच होते. दहा वर्षांत एकदाही वाचकाच्या नावावर गेलं नाही ते पुस्तक बाद. ज्यात कुणी लिहून, रेघोट्या मारून नासधूस केली तेही बाद.

शुक्रवारी यादी आली. ट्रक पुढच्या शुक्रवारी येणार होता. यादीत विहिरींच्या पाहणीचे एकेचाळीस खंड पाहिले आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते खंड म्हणजे साऱ्या मुलुखाची पोटातली खबर होती. कुठल्या गावात कुठे विहीर होती, किती हातांवर पाणी लागलं, खाली मुरूम होता की काळा दगड, पुढे ती विहीर बुजवली का आणि कशाने. जुन्या लोकांनी पायी फिरून, दोर सोडून मोजलेलं. दुसरी प्रत कुठे नाही. मागच्याच वर्षी रस्तेखात्याचा एक अभियंता धापा टाकत आला होता. शाळेच्या अंगणात जमीन खचत होती. बाईंनी सतरावा खंड पुढ्यात टाकला. अंगणाखाली बुजवलेली विहीर निघाली. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्या अंगणात गेली नाहीत.

आणि असे खंड दहा वर्षांत एकदाही कुणाच्या नावावर गेले नव्हते. कसे जातील? त्यांच्या पाठीवर लाल पट्टी होती. लाल पट्टीचं पुस्तक खोलीबाहेर न्यायला बंदी, तिथेच टेबलावर बसून वाचायचं. घरी नेऊ द्यायचं नाही आणि मग घरी कुणी नेलं नाही म्हणून फेकायचं. संगणकाला टेबल दिसत नाही. पण संचालकांना तरी दिसायला हवं होतं, ते रोज त्या टेबलाला वळसा घालून जात.

टेबलावरच्या वाचनाची नोंद मात्र होती. ती ठेवली होती मामांनी.

मामा म्हणजे तिसऱ्या मजल्याचे शिपाई. तरुणपणी कामाला लागले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. तेव्हाच्या ग्रंथपालांनी सांगितलं, टेबलावर वापरलेलं प्रत्येक पुस्तक परत लावताना त्याच्यात टिपून ठेवत जा. लिहिता येत नाही हे सांगायची मामांना लाज वाटली. त्यांनी शिसपेन्सिल घेतली आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला. दहा ठिपके झाले की खाली नवी ओळ. पुढे दगडबाई आल्या आणि दुपारच्या सुट्टीत पुस्तकांच्या पाठीवरची नावं दाखवत त्यांनी मामांना अक्षरं शिकवली. मामा वाचायला लागले, सही करायला लागले. आता तारीख घालत चला, असं बाईंनी सुचवलं, तर म्हणाले, तारखेला जागा लागते, पुस्तक भरून जाईल. निवृत्त होईपर्यंत ठिपकेच देत राहिले. त्यांच्यानंतर सहा वर्षं बाईंनी स्वतः दिले.

तेव्हा शनिवारी, रविवारी आणि सोमवारी बाईंनी ठिपके मोजले. एकेचाळीस खंडांवर त्या थांबल्या नाहीत. एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावू म्हणून त्यांनी सगळी कपाटं उपसली. तीनशे ऐंशी पुस्तकांत ठिपके निघाले. रोज खांदे धुळीने माखून घरी आल्या. सासूबाई म्हणाल्या, घरात दोन जीव आलेत, त्यांना कुणी घ्यायला नाही, आणि आमच्या थोरल्या सूनबाई ठिपके मोजतायत. बाईंनी एक पोर उचललं, खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हाताने यादी पुरी केली.

मंगळवारी निर्लेखनाच्या समितीसमोर त्यांनी ती यादी ठेवली. सतराव्या खंडात दोनशे तेरा ठिपके. म्हणजे दोनशे तेरा वेळा कुणी ना कुणी येऊन, बसून वाचून गेलं. एवढा पुरावा दिल्यावर कोण काय बोलणार, असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं कचेरीत काढून असं वाटावं, याचा राग त्यांना पुढे बरेच दिवस येत राहिला.

संचालकांनी सतरावा खंड उघडला. शेवटचं पान उजेडाकडे धरलं. मान हलवली.

"मॅडम, ही तर नासधूस आहे," ते म्हणाले. "बरं झालं तुम्हीच दाखवलंत. दुसऱ्या नियमात बसतात ही पुस्तकं. तीनशे ऐंशी म्हणालात ना?"

लेखनिकाने आकडा टिपला. एकेचाळीसाचे तीनशे ऐंशी झाले, तेही बाईंच्याच हस्ताक्षरातल्या यादीवरून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. समितीत भूशास्त्राचे विभागप्रमुखही बसले होते. ते टेबलाची कड बोटाने घासत राहिले.

बाहेर जिन्यात बाईंनी त्यांना गाठलं. आवाज चढवला नाही.

"सर, सतराव्या खंडातले पन्नास तरी ठिपके तुमचे आहेत," त्या म्हणाल्या. "तुमची पदवी त्या ठिपक्यांवर उभी आहे. आत बसून तुम्ही टेबल पुसत होतात."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्या एकट्याच्या बोलण्याने काय झालं असतं, असं काहीसं पुटपुटले. बाई म्हणाल्या, काय झालं असतं ते आता कळायची सोय नाही. आणि पायऱ्या उतरून गेल्या.

संध्याकाळी त्या मामांकडे गेल्या. मामा सहा महिने अंथरुणाला खिळले होते. छातीत धूळ बसली, असं डॉक्टर म्हणत. कसली धूळ ते कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी सगळं सांगितलं. मामांनी एक शब्द दोनदा विचारून घेतला.

"निर्लेखन म्हणजे लिहिलेलं पुसायचं?"

"तसंच."

"मी तर काही लिहिलंच नव्हतं, बाई. येत नव्हतं म्हणून तर ठिपके." ते हसायला गेले आणि खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "इतक्या वर्षांत एक पुस्तक मी घरी नेलं नाही. कार्ड होतं. पण शिपायाने पुस्तक मागितलं तर काउंटरवर हसतील, असं वाटायचं."

बाई उठायला लागल्या होत्या, त्या पुन्हा बसल्या. कार्ड कुठे आहे, त्यांनी विचारलं. मामांच्या लेकीने ट्रंकेतून काढून दिलं. निवृत्त कर्मचाऱ्याचं, तहहयात चालणारं. बाईंनी पर्समधून निर्लेखनाची सूचना काढली, संचालकांच्याच सहीची. नववं कलम त्यांनी मामांना वाचायला दिलं. मामांनी बोट ठेवत सावकाश वाचलं: जे पुस्तक वाचकाच्या नावावर बाहेर आहे, ते परत येईपर्यंत त्याचं निर्लेखन करता येणार नाही.

"पण लाल पट्टी?" मामांनी विचारलं. त्यांना नियम पाठ होते.

लाल पट्टी लावायची की काढायची हे विषयग्रंथपाल ठरवतो. तेवढा एक अधिकार बाईंना होता. आजवर त्यांनी तो पट्टी लावण्यासाठीच वापरला होता.

"सही कुठे करू?" मामा म्हणाले.

बुधवारी सकाळी बाईंनी पट्ट्या खरवडायला घेतल्या. नखं लाल झाली. मग मामांचं कार्ड संगणकात घातलं. एका कार्डावर किती पुस्तकं द्यायची याचा एक रकाना असतो. प्राध्यापकांना वीस, विद्यार्थ्यांना चार. मामांच्या पुढे तो रकाना रिकामा होता. शिपाई काय वाचणार, म्हणून त्यात कुणी आकडाच भरला नव्हता, आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ संगणकाने लावला होता, हवी तेवढी. बाई त्या रिकाम्या चौकटीकडे बराच वेळ बघत बसल्या. समितीत आला होता त्याहून मोठा राग त्यांना आता आला. त्या रागातच त्यांनी पहिलं पुस्तक घेतलं. गुरुवारी दुपारी चारला तीनशे ऐंशीवं पुस्तक मामांच्या नावावर गेलं.

ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. गुरुवारी पाचला विभागप्रमुख तिसऱ्या मजल्यावर आले. हातात तळघरातल्या नमुन्यांच्या खोलीची किल्ली होती. दगड ठेवतो तिथे निम्मे रॅक रिकामे आहेत, एवढंच म्हणाले, आणि पहिला गठ्ठा त्यांनी स्वतः उचलला. बाईंनी आभार मानले नाहीत. जपून, सतरावा खंड वर आहे, असं सांगितलं.

शुक्रवारी ट्रक आला आणि अर्ध्याहून जास्त रिकामा गेला. संचालकांनी बाईंना बोलावलं. मेज तेच, मान तीच. एक अंथरुणाला खिळलेला शिपाई एवढी पुस्तकं वाचणार आहे का, त्यांनी विचारलं.

"सर, नियमात वाचकाने पुस्तक नावावर घ्यायचं असतं," बाई म्हणाल्या. "वाचलंच पाहिजे असं कुठे आहे? तसं असतं तर निर्लेखनाची सूचना काढणाऱ्यानेही नववं कलम वाचलं असतं."

त्यांची वेतनवाढ थांबली. तिसऱ्या मजल्यावर काचेच्या खोल्या झाल्याच, बाईंना तळघरात एक टेबल मिळालं. शिक्षा म्हणून दिलं होतं; तिथून नमुन्यांची खोली चार पावलांवर होती. ज्याला जमिनीखालचं काही विचारायचं असे, तो जिना उतरून खाली येऊ लागला. बाई खंड काढून देत. माणूस गेला की शेवटच्या पानावर ठिपका देत, पूर्वीपेक्षा जरा दाबून.

दर तीन महिन्यांनी वरून पत्र येई: वाचकाने पुस्तकं परत करावीत, किंवा वाचक हयात नसल्यास ग्रंथपालांनी तशी नोंद करून ती जमा करून घ्यावीत. दर तीन महिन्यांनी बाई उत्तर लिहीत, पुस्तकं वाचकाकडे वापरात आहेत, मुदत वाढवली आहे. हयातीचा रकाना त्या कोरा ठेवत. कोऱ्या रकान्याचा अर्थ संगणक काय लावतो, हे त्यांना माहीत होतं. शेवटचं उत्तर त्यांनी परवा लिहिलं. जुळी आता शाळेत जातात.

मामा गेले ते जुळ्यांनी पहिली पावलं टाकली त्या महिन्यात, चौदा तारखेला, मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता.