वाफमामाची सही

लॉन्ड्रीतल्या बॉयलरवर वाफमामाची बावीस वर्षं गेली होती. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची वेळ कोणावर येत नसे. सकाळी सर्वांआधी येऊन आग पेटवायची, काचेच्या नळीतलं पाणी बघायचं आणि वाफेचा काटा चढला की भिंतीपलीकडे हाक द्यायची, "चला गं, लागा इस्त्रीला!" पलीकडे अकरा बायका हॉस्पिटलांच्या चादरी इस्त्री करत. मधली भिंत एका विटेची. वाफमामाला बॉयलरपेक्षा त्या भिंतीची काळजी जास्त.

वाफ हद्दीबाहेर गेली की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि जादा वाफ सोडून देतो, नाहीतर बॉयलर फुटेल. इथला व्हॉल्व्ह झिजला होता. हद्द यायच्या आधीच फुसफुसायचा, आणि पलीकडे इस्त्र्या थंड पडायच्या. वाफमामाने तीनदा नवा मागितला. मग एका सकाळी येऊन बघतो तर व्हॉल्व्हचा स्क्रू पार आवळलेला, वर तारेचे वेढे. फुसफुस बंद.

मॅनेजर बॉयलरच्या नोंदींची वही घेऊनच आला. "मामा, गेली ना कटकट? आता एवढं लिहा, व्हॉल्व्ह तपासला, ठीक आहे. खाली सही."

"साहेब, तुम्ही त्याचं तोंड बांधलंय."

"महिन्याभराचा तर प्रश्न आहे. नवा मागवतोय."

"मग महिनाभर कमी वाफेवर चालवू."

"आणि चादरी कोण वाळवणार, तुम्ही फुंकर मारून?" मॅनेजर हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत विचार करा. या जागेसाठी माणसं मिळतात."

देवावर वाफमामाचा विश्वास होता, पण त्याचा गाजावाजा नव्हता. रोज उठल्यावर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून तो देवाला दिवसभराचं काम सांगे, बस्स. दुसऱ्या दिवशी तो बराच वेळ बसला. काहीतरी खूण दे, म्हणाला. खूण आली नाही. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, तेवढाच आवाज. शेवटी त्याच्या लक्षात आलं की जे आपल्याला आधीच ठाऊक आहे तेच आपण विचारतोय.

"आज एवढा वेळ?" बायकोने विचारलं. "काय म्हणाला देव?"

"काही नाही."

"मग?"

"सही करत नाही."

"आणि नोकरी गेली म्हणजे?"

"पुढचं त्याच्यावर सोडायचं."

"त्याच्यावर म्हणजे माझ्यावर," बायको म्हणाली. ती घरी ब्लाउज शिवायची. "देव काही माझ्या मशीनवर बसायला येणार नाही." एवढं बोलून तिने डबा भरून दिला.

वाफमामाने आग पेटवली नाही. वहीत लिहिलं, 'सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधलेला आढळला. बॉयलर चालू केला नाही.' खाली ठसठशीत सही केली. मॅनेजरने ती वाचली आणि दाराकडे बोट दाखवलं. टॉवेल आणि डबा उचलून तो निघाला, तेव्हा पलीकडून एक बाई ओरडली, "मामा, तुमचं झालं, आमचं काय?"

दोन दिवसांनी लॉन्ड्रीची चिमणी पुन्हा धुरावली. घराच्या गॅलरीतून ती दिसायची. नवा माणूस मिळाला होता. वाफमामा काम शोधत हिंडला, पण छप्पन्न वर्षं ऐकलं की लोकांचा चेहरा पडायचा. तीन आठवडे गेले. बॉयलर छान चालला होता.

एका दुपारी धडाड आवाज झाला. वाफमामा धावत गॅलरीत गेला, आणि जाता जाता त्याच्या मनात येऊन गेलं, बघा, सांगत होतो ना! खाली ट्रकचा टायर फुटला होता. चिमणीचा धूर सरळ वर जात होता. तो खुर्चीत बसला. त्या अकरा बायकांच्या आधी त्याला स्वतःचं खरं ठरणं आठवलं होतं.

"देवा," तो म्हणाला, "मला खोटं पाड. चालू दे तो बॉयलर." हे मागणं त्याला नोकरी गमावण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो लॉन्ड्रीच्या फाटकाशी गेला आणि नव्या माणसाला बाहेर बोलावलं. चाळिशीचा, टक्कल पडलेला माणूस होता.

"जागा परत हवीय का?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"नाही. तार आहे अजून?"

तो खाली बघू लागला. "तुमचं लिहिलेलं पहिल्याच दिवशी वाचलं मी. पण दोन मुली आहेत मला."

वाफमामाने त्याला दोष दिला नाही. काटा कुठवर चढू द्यायचा ते सांगितलं. चादरी मशीनमधून दोनदा पिळून घेतल्या की कमी वाफेवरही वाळतात, थोडा उशीर होतो इतकंच, हेही सांगितलं. मग म्हणाला, "तार मात्र काढ. बॉयलर गार असताना."

पुढे काय झालं ते त्याला इस्त्रीवाल्या बाईकडून रस्त्यात कळलं. नव्या माणसाने तार काढली. मॅनेजर तणतणला, तेव्हा त्याने वही पुढे केली आणि विचारलं, "मीही लिहू?" पंधरा दिवसांत नवा व्हॉल्व्ह आला. "पण दोन दिवस तुम्ही आम्हाला घरी बसवलंत, ते मी विसरले नाही हं," बाई म्हणाली आणि चालू लागली.

वाफमामाला कोणी परत बोलावलं नाही. चार महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कापड रंगवायच्या कारखान्यात, लहानशा बॉयलरवर काम मिळालं. पगार कमी, आणि दोन बस बदलून जायचं.

"जरा जवळचं नव्हतं का देवाकडे?" बायको म्हणाली.

"तूच विचार त्याला."

"विचारते की रोज," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. वाफमामा तिच्याकडे बघत राहिला. ही कधी देवाशी बोलते, हे त्याला माहीतच नव्हतं.